आकडे बघून लेख कापू नका: ब्लॉगची आकडेवारी वाचताना या चुका टाळा

दर महिन्याला कुणी ना कुणी आपल्या ब्लॉगच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि विचारतं, "ताई, वाचक अचानक कमी झालेत, काय करू?" मी आधी दोनच प्रश्न विचारते. गेल्या महिन्याभरात थीम (ब्लॉगचा साचा) किंवा प्लगइन (त्याला जोडलेली एखादी सोय) बदललंत का? आणि तुम्ही तुलना कोणत्या महिन्याशी करताय? बहुतेक वेळा गाठ तिथेच सुटते. तरीही तोवर अनेकांनी लेखांची नावं बदललेली असतात, मजकूर छाटलेला असतो. त्याचंच मला वाईट वाटतं.

कोड दोनदा बसलेला असणं

माझी एक मैत्रीण प्रवासावर लिहिते, निवांत आणि लांब. २०१८ च्या पावसाळ्यात तिने वर्डप्रेसची थीम बदलून घेतली. आठवड्याभरात पेजव्ह्यू, म्हणजे पानं उघडल्याच्या नोंदी, दुप्पट झाले आणि बाउन्स रेट, म्हणजे एकच पान बघून परत जाणाऱ्या भेटींचं प्रमाण, ८० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. त्याच आठवड्यात तिने छोट्या पोस्ट टाकायलाही सुरुवात केली होती. तिने निष्कर्ष काढला की लोकांना लांब वाचायचं नाही. मग बसून जुने चौदा लेख निम्मे केले.

दिवाळीत तिने मला हे आनंदाने सांगितलं. मी तिच्यासमोरच पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. वाचक मोजायला ती गूगलचं अ‍ॅनालिटिक्स वापरायची. अ‍ॅनालिटिक्सचा कोड थीमच्या हेडरमध्ये होता आणि प्लगइनमधूनही येत होता. उघडलेलं प्रत्येक पान दोनदा मोजलं जात होतं. तेव्हाच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये ज्या भेटीत एकच नोंद झाली, ती बाउन्स धरली जायची. इथे एक पान उघडलं तरी दोन नोंदी व्हायच्या, म्हणजे बाउन्स होणारा कुणी उरतच नव्हता. एक कोड काढल्यावर दोन दिवसांत आकडे जुन्या जागी आले.

वर्डप्रेस लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं, त्यामुळे अकरा लेख परत मिळाले. तीन गेले, कारण जागा वाचवायला तिने त्या आवृत्त्या पुसणारं प्लगइन चालवलं होतं. त्यातला एक तिच्या कोकणातल्या आजोळचा होता.

तेव्हाच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणं थांबवलं आणि सगळे त्याच्या नव्या आवृत्तीवर, जीए४ वर आले, पण हा धोका गेलेला नाही. जीए४ मध्ये भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही ठरवलेली एखादी महत्त्वाची कृती घडली, तर ती 'एंगेज्ड' धरतात. एकाच पानाची दोनदा नोंद होऊ लागली, तर लगेच परत गेलेला माणूसही मन लावून वाचणारा दिसेल.

माझी सवय अशी: थीमला किंवा प्लगइनला हात लावला की फोनचं वायफाय बंद करून एक पान उघडायचं, आणि संगणकावर रिअलटाइममध्ये पेज व्ह्यू एक पडला की दोन ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. आकडा रातोरात सुधारला, तर मी लेखाचं श्रेय सगळ्यात शेवटी देते.

स्वतःच्याच भेटी मोजणं. जीए४ मध्ये अंतर्गत ट्रॅफिकचा (आपल्याच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, होणाऱ्या भेटींचा) नियम करून भागत नाही. त्याचा फिल्टर सुरुवातीला 'टेस्टिंग'वर असतो, तो 'अ‍ॅक्टिव्ह' करावा लागतो. शिवाय घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता बदलत राहतो. मी स्वतःचा ब्लॉग एका वेगळ्या ब्राउझरमध्येच उघडते, आणि त्यात अ‍ॅनालिटिक्स अडवलेलं आहे.

'ब्लॉगर' या गूगलच्या ब्लॉगसेवेचे स्वतःचे आकडे अ‍ॅनालिटिक्सशी जुळवत बसणं. जुळणार नाहीत. मोजण्याची रीतच वेगळी आहे. एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

शहरांच्या यादीवर विश्वास. मोबाइल डेटावरून सांगलीत वाचणारा माणूस मुंबईचा दिसू शकतो. तसंच फोनची भाषा इंग्रजी आहे म्हणून वाचक इंग्रजी होत नाही.

अहवालातलं 'डायरेक्ट' म्हणजे पत्ता टाइप करून आलेले, असं समजणं. मराठी ब्लॉगची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि तिथून आलेली माणसं बहुधा 'डायरेक्ट'मध्येच पडतात. स्वतः ग्रुपवर लिंक टाकताना तिला यूटीएमची शेपटी (वाचक कुठून आला ते सांगणारी खूण) जोडा, पुढे फॉरवर्ड झाली तरी ती सोबत जाते. मात्र ब्लॉगमधल्या आतल्या लिंकांना ती कधीही जोडू नका.

महिन्याशी महिना ताडून पाहणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण आपण मराठी माणसांनी तरी ती करू नये. माझा ब्लॉग पाककृतींचा आहे. उकडीच्या मोदकांच्या लेखाला वर्षभरातले बहुतेक वाचक चतुर्थीच्या आधीच्या दहा दिवसांत मिळतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आता २०२५ चा सप्टेंबर आदल्या सप्टेंबरशेजारी ठेवा. लेख बुडाला असंच वाटेल. ऑगस्ट बघितलात तर लेख उसळी मारून वर आलेला दिसेल. दोन्ही खोटं आहे, फक्त गणपती लवकर आले.

एका नव्या ब्लॉगर मुलीने याच कारणाने घाबरून सप्टेंबरअखेर आपल्या फराळाच्या सगळ्या लेखांचे मथळे बदलले होते. चकलीच्या लेखाच्या मथळ्यात आता ना चकली पहिल्या शब्दात होती, ना भाजणी. तिची अस्वस्थता मला समजते. पण सण उलटायच्या आत निकाल लावायची घाई मला मान्य नाही.

मी तिथीने मोजते. कालनिर्णय संगणकाशेजारीच टांगलेलं असतं. या वर्षीचे चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस आणि गेल्या वर्षीचे तेच दहा दिवस, एवढंच वहीत लिहायचं. दिवाळी, श्रावण सगळं तसंच. यासाठी जीए४ मधलं डेटा रिटेन्शन, म्हणजे माहिती किती काळ जपायची ते सेटिंग, आजच बघा. ते मुळात २ महिन्यांवर असतं, १४ महिने करता येतं. नेहमीच्या अहवालांना त्याने फरक पडत नाही, पण 'एक्सप्लोर'मध्ये, म्हणजे स्वतः अहवाल जुळवायच्या भागात, मागच्या वर्षात डोकावायचं असेल तर पडतो, आणि एकदा गेलेली माहिती नंतर सेटिंग बदलून परत येत नाही.

लेखाच्या पत्त्याकडे (यूआरएलकडे) दुर्लक्ष. ब्लॉगरवर मथळा देवनागरीत दिला की पत्ता 'blog-post_12' असा काहीतरी होतो. अहवालात असे चाळीस पत्ते एकाखाली एक दिसतात आणि कोणता लेख कुठला ते कळत नाही. वर्डप्रेसवर देवनागरी पत्ता राहतो, पण कॉपी केल्यावर त्यातलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ-नऊ चिन्हांची होते आणि लिंक हातभर लांब होते. प्रकाशित करायच्या आधीच पत्ता रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा द्या. नंतर बदललात तर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंका तुटू शकतात.

सर्च कन्सोल न उघडणं

किती जण आले हे अ‍ॅनालिटिक्स सांगतं, पण ते गूगलवर काय शोधत आले होते हे सर्च कन्सोल या गूगलच्याच दुसऱ्या साधनात दिसतं. तिथे १६ महिन्यांची माहिती असते. सगळे शोध दिसत नाहीत, फार थोड्यांनी केलेले लपवले जातात. तरी मी महिन्यातून एकदा निवांत बसून ती यादी वाचते, आणि मला आकड्यांपेक्षा त्यातली माणसांची भाषा महत्त्वाची वाटते.

मोदकांच्या लेखावर माझी सुरुवात आजीच्या आठवणींची होती, मग साहित्य, मग कृती. यादीत मात्र लोक रोमन लिपीत विचारत होते: मोदक उकडताना का फुटतात, पारी का चिरते. ऐन चतुर्थीच्या सकाळी, पिठाच्या हाताने विचारलेले प्रश्न होते ते. माझ्या लेखात त्याचं उत्तर पार खाली, एका ओळीत होतं.

मी आजीला हलवलं नाही. फक्त तिच्या आधी चार ओळी घातल्या: पिठी जुनी नको, उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा, मळून झाली की ओल्या फडक्याखाली ठेवा, सारण ओलं राहू देऊ नका. पुढच्या चतुर्थीला फुटण्याबद्दल विचारणारी पत्रं जवळजवळ थांबली. आता कळ्या एकसारख्या कशा पाडायच्या हे विचारतात. त्याचा वेगळा लेख लिहायला घेतला आहे, फोटोंसाठी काल आंबेमोहोराची पिठी दळून आणली.