अर्ज भरण्याआधी एक दिवस भिंतीपाशी घालवा

माझं पहिलं चित्र सामुदायिक कला केंद्राच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं आणि द्यायला गेले त्याच दिवशी परत आलं. नियमात जास्तीत जास्त रुंदी ९० सेंटिमीटर लिहिली होती. माझा कॅनव्हास ८६ चा होता, पण माप मी फ्रेम न धरता घेतलं होतं. पट्टी दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटर, म्हणजे एकूण ९२. मांडणी बघणाऱ्या ताईंनी टेप लावून दाखवला आणि म्हणाल्या, "शेजारच्या चित्रांची जागा आखून झालीय." मला फार राग आला. पुढच्या प्रदर्शनाला मी स्वतः मांडणीला मदत करायला गेले, तेव्हा त्यांची अडचण समजली. एका भिंतीवर अकरा चित्रं बसवायची होती आणि एक जरी पुढे सरकलं तर पुढची सगळी सरकत होती.

म्हणून अशा प्रदर्शनात भाग कसा घ्यायचा असं कुणी नवीन कलाकार विचारतो तेव्हा मी आधी हेच सांगते: अर्ज नंतर भरा, आधी एकदा मांडणीच्या दिवशी मदतीला जा. अशा केंद्रांत पगारी माणसं मोजकी असतात, हात नेहमी कमी पडतात, आणि नवख्या माणसालाही आनंदाने कामाला घेतात.

तिथे मी शिकले ते असं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात, उभ्या माणसाच्या नजरेला. समजा १४८ ठरवलं आणि चित्र ६० सेंटिमीटर उंच आहे. त्याचं निम्मं ३० मिळवायचं. मग मागची तार मधोमध वर ओढून धरायची आणि ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून किती खाली राहते ते मोजायचं. ते ८ आलं तर वजा करायचं. खिळा १७० वर. हे एकदा हातात बसलं की चित्रं भराभर चढतात, शेवटी फक्त पाणसळ ठेवून बघायचं.

त्याच दिवशी एक चित्र सुतळी बांधून आलं होतं. खिळ्याला लावलं आणि गाठ हळूहळू सुटायला लागली. आम्ही दोघी खाली हात धरून होतो म्हणून काच वाचली. तेव्हापासून मी फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, डी-रिंग, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची कडी, बसवते आणि मजबूत तार ओवते. मागे नाव, शीर्षक, माध्यम, माप आणि फोन नंबर लिहिते. चित्र कुठलं आणि कुणाचं, हे शोधण्यात मांडणीचा किती वेळ जातो, हे बाहेरून कळत नाही.

अर्जात सर्वात जास्त वेळ फोटोला द्या. परीक्षक आधी फोटोच बघतात. थेट ऊन नसलेल्या जागी, दिवसाच्या उजेडात, कॅमेरा चित्राच्या बरोबर समोर धरून काढा, आणि भिंतीचा भाग कापून टाका. मनोगत छोटं आणि नेमकं हवं. 'मानवी भावनांचा शोध' असं मीही लिहिलं होतं. आता लिहिते, 'एकच खिडकी, दिवसाच्या पाच वेळा.' हे वाचून परीक्षकाला चित्रात काय बघायचं ते कळतं.

करारपत्र मात्र नीट वाचाच. विक्रीतला किती टक्का केंद्र ठेवणार, चित्र तिथे असताना विमा कुणाचा, ने-आण करताना नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, परत न्यायची शेवटची तारीख कोणती. चित्र विकायचं नसेल तर 'विक्रीसाठी नाही' लिहा, पण विम्यासाठी किंमत भराच. जलरंगांचं चित्र असेल तर दिवे किती प्रखर आहेत तेही विचारा. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देऊ नये, रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही.

प्रदर्शनाव्यतिरिक्तही इथे पुष्कळ असतं. सभासदांच्या प्रदर्शनात बहुतेक वेळा निवड नसते, सुरुवातीला ते चांगलं. कार्यशाळा घेता येतात. काही ठिकाणी मातीची भांडी भाजायची भट्टी किंवा छपाईचं यंत्र सगळ्यांना मिळून वापरता येतं. रेसिडेन्सीत काही आठवडे काम करायला जागा मिळते, बदल्यात एखादा दिवस लोकांसाठी स्टुडिओ उघडा ठेवायचा. नकारही येतील. दर वेळी परीक्षक बदलतात, विषय बदलतो, तेच चित्र पुन्हा पाठवायला काहीच हरकत नाही.

आणि उतरवणीच्या दिवशीही थांबा. त्या दिवशी फारसं कुणी येत नाही. मी खिळ्यांची भोकं पुट्टी भरून बुजवत होते, तेव्हा त्याच ताई पायऱ्यांवर येऊन थांबल्या. जिन्यातली भिंत दोन महिने रिकामी राहणार होती. "तुझी खिडकीची चित्रं किती आहेत?" त्यांनी विचारलं. मी पाच म्हटलं. त्यांनी टेप काढून भिंत मोजायला घेतली, आणि मी लगेच सांगितलं, "फ्रेम धरून प्रत्येकी ५४ सेंटिमीटर."