उन्हाळ्यात ठासणीच्या बंदुकीचा नेम कसा टिकवावा

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकीचा परवाना आहे, त्यातल्या अटी वाचलेल्या आहेत, मोकळी जागा आहे आणि निशाणामागे मातीचा जाड बांध आहे, असं धरून चालतो. जांभ्याचा गडगा म्हणजे बांध नव्हे, त्यावरून गोळी उसळते.

एप्रिल-मेमध्ये पहिले दोन-तीन बार कागदावर जवळजवळ बसतात आणि मग गोळी वाट्टेल तिकडे जाते. अशा वेळी दारूचं माप वाढवायला सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांचं ऐकू नका. दोष नळीतल्या काजळीचा असतो.

काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो. बराचसा धुरातून जातो, बाकीचा नळीला चिकटतो. दमट हवेत हा थर मऊ राहतो. पण पूर्वेचा वारा रेंगाळला, खारा वारा दुपारपर्यंत आलाच नाही आणि पारा ३८-३९ वर गेला की कोकणातली हवाही कोरडी पडते. त्यात नळी उन्हाने आणि बारांनी तापलेली. मग तोच थर भाताच्या खरपुडीसारखा कडक होतो आणि गोळी दर वेळी वेगळ्या जोराने ठासावी लागते. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, पाडलेली नळी असेल तर काजळी आट्यांतही भरते.

म्हणून प्रत्येक बारानंतर नळी पुसायची. तीन बारांनी, पाच बारांनी असला हिशोब उन्हाळ्यात चालत नाही. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने, कारण चुकीचं पुसणं हे न पुसण्यापेक्षा वाईट.

सुती चिंधी पाण्यात भिजवून घट्ट पिळायची. बोटांना ओल जाणवली पाहिजे, पण दाबल्यावर थेंब पडता कामा नये. थेंब पडला तर पाणी तळाशी जाणार आणि पुढचा बार हुकणार. गजाच्या, म्हणजे गोळी ठासायच्या दांड्याच्या, टोकावर चिंधी सैलसर बसली पाहिजे. घट्ट बसली तर ती सगळी काजळी पुढे ढकलत तळाशी नेते आणि केपची (घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची) आग दारूपर्यंत पोचायचं भोक बुजतं. सैल चिंधी जाताना काजळीवरून सरकते आणि ओढताना गोळा होऊन ती बाहेर आणते. एकदाच आत, एकदाच बाहेर. घासाघीस नको. मग कोरडी चिंधी, तशीच. ओल्या चिंधीने आतली एखादी धुगधुगती ठिणगीही विझते. तरीसुद्धा दारू कधीही डब्यातून थेट नळीत ओतू नका. मापात घ्या, डबा बंद करून बाजूला ठेवा, मग मापातून ओता. तोंड नळीसमोर नको.

गजावर एक खूण हवी. नेहमीचं माप भरून गोळी दारूवर टेकली की गज कुठपर्यंत बाहेर राहतो, ती ही खूण. ती नळीत दिसेनाशी झाली किंवा तोंडाच्या वर राहिली, तर काहीतरी बिनसलंय. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटूही शकते. अशा वेळी ‘जाऊ दे, उडवून टाकू’ म्हणणाऱ्याच्या शेजारी मी उभा राहत नाही.

गोळीभोवती गुंडाळून ठासायच्या चिंधीला खोबरेल लावायची पद्धत हिवाळ्यात ठीक. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे इथे उन्हाळाभर पातळच, आणि ते दारूत झिरपतं. मी मधमाश्यांचं मेण आणि कोकमाचं तेल पाण्याच्या भांड्यावर एकत्र वितळवतो, दारूपासून लांब. मिश्रण फार कडक झालं तर चमचाभर खोबरेल घालतो. यंत्राचं तेल मात्र इथे नको, दारूच्या काजळीत त्याचं डांबर होतं.

पहिल्या बाराआधी नळीतलं तेल पूर्ण पुसा, नाहीतर तो बार हमखास भरकटतो.

बंदूक सावलीत ठेवा. नळीला हाताची मागची बाजू टेकवत नसेल तर थांबा. तापलेल्या नळीवरची हवा थरथरते आणि माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, जागेवर दिसत नाही.

केप वाजली पण बार उडाला नाही, तर निदान एक मिनिट नळी बांधाकडेच रोखून ठेवा.

घरी आल्यावर त्याच दिवशी कढत पाण्याने धुवा, कोरडी करा, तेल लावा. ही काजळी हवेतली ओल ओढते, त्यात आपल्याकडचा खारा वारा, रात्रीत गंज धरतो. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा करायच्या आधी तर तेलाचा हात जरा सढळच. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवा. तांबूस निघाली तर पुन्हा धुवा.