झोनिंगचे नियम बदलायचेत? आधी एक प्लॉट कागदावर काढा

घरं महाग झाली की बिल्डरला शिव्या घालून सगळे मोकळे होतात, पण बऱ्याचदा मेख झोनिंगच्या नियमावलीत असते, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांत. ती शोधायची कशी ते सांगतो. 'मजले वाढवा' म्हणत सुरुवात करू नका, तिथेच भांडण लागतं आणि बाकीचं राहून जातं.

शहराचा झोनिंग नकाशा आणि नियमावली डाउनलोड करा, आणि एक साधा प्लॉट घ्या, १० बाय २० मीटर, म्हणजे २०० चौरस मीटर. समजा नियमाप्रमाणे पुढेमागे ३-३ मीटर आणि बाजूंना दीड-दीड मीटर सोडायचंय, तर उरलं ७ बाय १४, म्हणजे ९८. अर्ध्याहून जास्त जागा इथेच गेली! आता चार छोटी घरं बांधायचीत आणि घरटी एक पार्किंग सक्तीचं आहे, गाडी आतबाहेर करायची जागा धरून एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात, चार गाड्यांचे झाले १००, म्हणजे अख्खा तळमजला गाड्यांना देऊनही दोन चौरस मीटर कमीच पडतात. (काही ठिकाणी मार्जिनमध्ये, म्हणजे त्या सोडलेल्या जागेत, गाडी लावू देतात, तुमच्याकडचं वाचून घ्या.)

मग एकेक नियम खोडून तेच गणित परत करा, नेमकं कोण घर अडवतंय ते दिसेल. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहराने २०२० पासून एका प्लॉटवर तीन घरांना परवानगी दिली, पण इमारतीचा आकार फारसा वाढू दिला नाही, त्यामुळे तशा इमारती थोड्याच झाल्या. एक कुलूप काढलं, दुसरं तसंच.

पार्किंगची सक्ती काढणं म्हणजे पार्किंगवर बंदी नव्हे, हे दहा वेळा सांगावं लागतं. अमेरिकेतल्याच बफेलो शहराने २०१७ मध्ये सक्ती काढली, ज्याला हवं तो अजूनही बांधतोच.

तिथल्याच ह्यूस्टन शहराची गंमत वेगळी. तिथे झोनिंगच नाही, पण प्लॉट किमान ५००० चौरस फुटांचा हवा अशी अट होती. १९९८ मध्ये शहराच्या मधल्या भागात ती १४०० पर्यंत खाली आणता येईल असं केलं आणि एका घराच्या जागी तीन टाउनहाउस (एकमेकांना लागून असलेली अरुंद, उंच घरं) उभी राहायला लागली. ज्या गल्लीला नको तिला अर्ज करून बाहेर राहायची सोयही ठेवली, त्यामुळे विरोध बराच निवळला. ही युक्ती मला फार आवडते.

बदल एकाच रस्त्यापुरता मागू नका, तेवढ्याच जमिनीचा भाव चढतो आणि फायदा जमीनमालकाच्या खिशात जातो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या जवळपास पाऊण भागात जास्त घरांना मोकळीक दिली, नंतर बांधकाम परवाने चांगलेच वाढले. आणि नियमात बसलं की ठरल्या मुदतीत मंजुरी, हेही लिहून घ्या, नाहीतर सगळं परत कमिटीच्या मर्जीवर.

नियम बदलण्याच्या सुनावणीला बहुतेक स्वतःचं घर असलेलेच येतात, म्हणून दोन-चार भाडेकरू सोबत न्या. पाणी आणि ड्रेनेजचा प्रश्न हमखास निघतो, आणि तो रास्त आहे, त्यामुळे संबंधित खात्याकडून क्षमतेचे आकडे आधीच लेखी मागवा. हातात दोनच कागद ठेवा, एकावर तो प्लॉट आणि दुसऱ्यावर नियमाचं जुनं वाक्य, त्याखाली तुम्हाला हवं ते नवं.