बोटाच्या हाडातील ऑस्टिऑइड ऑस्टिओमा : निदानात आणि उपचारात या चुका टाळा

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा ही हाडात होणारी, कर्करोगाशी संबंध नसलेली छोटी गाठ आहे. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हेन्री जाफे यांनी १९३५ मध्ये तिचे स्वतंत्र विकार म्हणून वर्णन केले. ती बहुधा मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात आढळते. बोटात ती क्वचितच होत असल्याने तिथे तिची शंकाच लवकर येत नाही.

सुजलेले, लालसर बोट पाहून जंतुसंसर्ग गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. गाठ शेवटच्या पेरात असेल तर बोटाचे टोक फुगते, नख रुंद होते आणि कधी कधी वेदनाही नसते. अशा वेळी नखुरडे समजून प्रतिजैविके दिली जातात, प्रसंगी नखही काढले जाते. आपल्याकडे हाडाच्या क्षयरोगाचीही शंका घेतली जाते, आणि ती रास्तच आहे. मात्र तपासणीचा आधार नसताना केवळ सूज पाहून महिनोन्‌महिने चालणारी औषधे सुरू करू नयेत. दुखणे रात्री वाढते का, आयबुप्रोफेनसारख्या गोळीने काही तास स्पष्ट आराम पडतो का, हे आवर्जून विचारावे. असा आराम पडणे हा संकेत आहे, पुरावा नव्हे. आणि तो पडताळण्यासाठी मुलांना घरच्या घरी ॲस्पिरिन देणे धोक्याचे आहे.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणून हाड निर्दोष ठरत नाही. एमआरआयमध्ये गाठीपेक्षा तिच्याभोवतीची सूजच अधिक ठळक दिसते, त्यामुळे अहवालात हाडाचा संसर्ग किंवा त्याहून गंभीर काही सुचवले जाऊ शकते. गाठीचा गाभा साधारणतः दीड सेंटिमीटरपेक्षा लहान, बोटात तर काही मिलिमीटरचाच असतो. तो पातळ छेदांच्या सीटी स्कॅनमध्ये उत्तम दिसतो. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीत ही शंका स्पष्ट लिहावी.

वेदना गोळ्यांनी आटोक्यात राहत असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली थांबता येते, कारण काही गाठी काही वर्षांत आपोआप शमतात. परंतु दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्यांचा जठरावर आणि मूत्रपिंडांवर होणारा परिणाम विसरू नये. रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याचा उपाय मांडीच्या हाडात रुळला असला, तरी बोटात त्वचा, नसा आणि रक्तवाहिन्या हाडाला अगदी लगटून असल्यामुळे तो अनुभवी हातांतच सोपवावा. शस्त्रक्रियेत गाभा पूर्ण निघणे महत्त्वाचे असून काढलेला भाग सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी पाठवलाच पाहिजे. त्यानंतरही तेच रात्रीचे दुखणे परतले, तर व्यायामोपचारात वेळ न दवडता पुन्हा सीटी स्कॅन करून गाभ्याचा अंश उरला आहे का, हे पाहावे.