रेशो टेस्ट १ वर अडकली की मी काय करतो

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी अनंत श्रेणींनी डोकं खाल्लं होतं. बेरीज एका ठराविक संख्येवर स्थिरावते (अभिसारी) की नाही (अपसारी) हे ठरवणाऱ्या टेस्ट सगळ्या पाठ, पण कुठली कुठे लावायची याचा पत्ता नाही. १ + १/२ + १/३ + … घ्या किंवा १ + १/४ + १/९ + … घ्या, रेशो टेस्टचं (पुढचं पद भागिले आधीचं पद, हे गुणोत्तर शेवटी कुठे जातं ते बघायचं) उत्तर एकच: १, म्हणजे निर्णय नाही. आणि पहिली अपसारी, दुसरी अभिसारी!

सुटका झाली आलेखामुळे. १/क्ष चा वक्र काढला आणि प्रत्येक पदासाठी एक एकक रुंदीचा खांब उभा केला. खांब वक्राच्या वर डोकावतात, म्हणजे बेरीज वक्राखालच्या क्षेत्रफळाहून मोठी. ते क्षेत्रफळ लॉगसारखं वाढतच राहतं, मग श्रेणी तरी कशी थांबणार? वेग मात्र गोगलगायीचा: बेरीज १० च्या पुढे न्यायला १२,३६७ पदं लागतात.

१/क्ष² ला खांब एक घर डावीकडे सरकवले. पहिलं पद सोडून बाकी सगळे वक्राखाली मावले आणि १ पासून अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ फक्त १. बेरीज २ च्या आत. (खरी बेरीज सुमारे १.६४५, ऑयलरने काढलेली. इंटिग्रलची, म्हणजे वक्राखालच्या क्षेत्रफळाची, किंमत म्हणजे बेरीज नव्हे, इथे हमखास मार्क जातात.)

आता आधी पद बघतो. क्रमगुणित किंवा घातांकात चल दिसला तर रेशो. नुसते घात किंवा लॉग असतील तर, पदं धन आणि घटती आहेत ना हे तपासून, थेट इंटिग्रल टेस्ट, म्हणजे वरची क्षेत्रफळाची युक्ती. १/(क्ष लॉग क्ष) मध्ये लॉग क्ष = य ठेवलं की ओळीभरात निकाल: अपसारी. लॉगचा वर्ग केला की अभिसारी.