सुतारकाम केलेल्या आपल्या माणसाच्या आठवणी कशा जपायच्या

आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, जाऊन आता तीन वर्षं होतील. मिरज तालुक्यातलं गाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम, त्यामुळं हे जे लिहितोय ते आम्ही करून बघितलेलं आहे, काही करायचं राहून गेलं त्याची हळहळ पण आहे, तुमच्या घरात असं कोणी असेल तर वेळेत उपयोगी पडावं म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी हत्यारं. दहाव्या-तेराव्यानंतर घरात आवराआवर सुरू होते आणि तिथंच घात होतो. आमच्याकडं नात्यातल्या एकानं मेटाच्या, म्हणजे सुतारकामाच्या जागेच्या, कडेला पडलेलं पोतं भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं, त्यात चार पटाश्या (लाकूड कोरायची हत्यारं) आणि आज्ज्याच्या हातचं गिरमिट (भोक पाडायचं हत्यार) गेलं. म्हणून वर्षभर तरी त्या पेटीला कुणाला हात लावू देऊ नका, घरात तसं स्पष्ट सांगा.

मग एखादा दिवस काढून त्यांच्या हाताखाली काम केलेल्या जुन्या माणसाला बोलवा, चहा ठेवा आणि पेटी त्याच्यासमोर उघडा. रंधा, वाकस, गुण्या, खतावणी ही नावं आपल्याला माहीत असतात पण कुठली पटाशी चौकटीला आणि कुठली नक्षीला हे तोच सांगणार. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. लोखंडाला गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासून मशीनचं तेल लावा, सुती कापडात गुंडाळा, पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नका, वाळवी लागते. लाकडी मुठींना बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, पातळ हात द्या, आणि ते तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, बाहेर मोकळे पसरून वाळवा. मुठीवर व्हार्निश मात्र अजिबात नको. आप्पांच्या रंध्याच्या मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय, एवढा गुळगुळीत की आपला अंगठा ठेवला की आपोआप तिथंच बसतो. तो खळगा व्हार्निशखाली गेला तर मग राहिलं काय?

आता मुख्य काम. सुताराचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या घरात फार कमी सापडतं, ते लोकांच्या घरात असतं. आप्पा तरुण होते तेव्हा बलुतं चालू होतं, सुगीला खळ्यावरनं धान्य यायचं आणि वर्षभर कुळव, पाभर, बैलगाडीची दुरुस्ती, बहुतेक सगळं बाभळीतलं. पुढं ट्रॅक्टर आले, कामं बदलली, मग वखारीतनं साग आणून चौकटी, दारं, देव्हारे, लग्नातले पाट-चौरंग. आज जुनी घरं पाडून स्लॅब टाकतात आणि ती चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडं जाते, म्हणून उशीर करू नका. एक वही घ्या, गल्लीवार फिरा, घर कुणाचं, वस्तू कुठली, लाकूड कुठलं, अंदाजे कधीची, आज कोण वापरतं हे लिहा. फोटो काढताना नुसतं समोरनं दार काढू नका, जोडाच्या जागेचा जवळनं काढा आणि एक फोटो ती वस्तू वापरणाऱ्या माणसासकट. आम्हाला आतापर्यंत एकेचाळीस घरं मिळाली. एका म्हातारीनं आम्हाला उंबऱ्यावर बसवलं आणि म्हणाली, ह्यो उंबरा तुझ्या बापानं मी गरोदर हुते म्हणून बुटका केला, ठेच लागाय नको म्हणून. हे आमच्या आईला पण माहीत नव्हतं.

लोकांना "आठवणी सांगा" म्हणलं की सगळे "लई चांगला माणूस होता" एवढंच म्हणतात. त्यापेक्षा वस्तूला हात लावून विचारा, हे दार बसवलं तेव्हा काय झालं, पैसे कसे दिले, जेवायला काय होतं. मोबाईलचा रेकॉर्डर चालू ठेवा, पण आधी विचारून. त्यांचे शब्द आहेत तसेच लिहा, शुद्ध करू नका. आप्पा सगळं सुतात बोलायचे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, भाजीत मीठ कमी असलं तरी आईला म्हणायचे "दोन सूत कमी हाय".

कागद आणि फोटो यांच्या कॉपी दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडं पण ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या आत्याच्या घरातला लग्नाचा अल्बम पार लगदा झाला, आप्पांचा ऐन तरुणपणीचा एकमेव फोटो त्यातच होता.

खंडेनवमीला हत्यारं पेटीतनं काढून पूजा कराच, आणि पूजा झाल्यावर नातवंडांना एक फळी द्या, रंधा धरायला शिकवा, मोठ्या माणसानं मागनं हात धरून. पहिला छिलका गोल वळून बाहेर आला की पोरं जे ओरडतात ते आप्पांनी ऐकायला पाहिजे होतं.

घरातल्या वस्तूंचं मी एवढंच म्हणेन, शोकेसमध्ये ठेवू नका. आईचं मनगट दुखायचं म्हणून आप्पांनी पोळपाटाचे पाय थोडे उंच केले होते, ती रोज त्यावरच पोळ्या लाटते. आणि पांगुळगाडा, जो माझ्यासाठी केला, मग बहिणीसाठी, तो आता तिच्या पोरीकडं आहे. पुढचं चाक झिजलं होतं, मागच्या महिन्यात बदलून घेतलं, जुनं चाक चिठ्ठी बांधून आप्पांच्या पेटीत ठेवलंय.