पोर्श ९१४चं इंजिन-गिअरबॉक्स उतरवताय? या चुका टाळा

पोर्श ९१४ ही १९६९ ते १९७६ या काळात बनलेली दोन सीटांची गाडी. इंजिन सीटांच्या पाठीमागे, त्याच्याही मागे गिअरबॉक्स, आणि वरून हात घालायला जाळीच्या झाकणाखालची अरुंद जागा. तिथून इंजिन वर निघत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेल्या अवस्थेतच खालून बाहेर येतात. बोल्ट मोजके असल्यामुळे काम सोपं वाटतं, पण अडतं ते बोल्टांपाशी नाही. सोडवायची राहून गेलेली एखादी वायर किंवा नळी सगळा जोड लटकवून ठेवते, नाहीतर स्वतः तुटते.

पहिली चूक गाडी उचलतानाच होते. या गाडीची बॅटरी इंजिनच्या खोलीत उजव्या बाजूला असते. वर्षानुवर्षं तिचं ॲसिड खाली झिरपतं आणि बॉडीचा उजवा लांब पोकळ दांडा व मागच्या सस्पेन्शनचा आधार आतून खाऊन टाकतं. वरून रंग शाबूत दिसतो, पण जॅक लावला की पत्रा आत दबतो. म्हणून आधी तो भाग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा पापुद्रे सुटले, तर तिथे गाडीचा भार देऊच नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड लावल्याशिवाय शिरायचं नाही, ‘दोनच मिनिटांचं काम’ असलं तरी नाही. दोन खांबांची लिफ्ट वापरत असाल, तर इंजिन उतरताच गाडी पुढच्या बाजूला जड होते हे लक्षात ठेवून नाकाखाली आधार आधीच द्या.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्यावर पहिला नंबर पेट्रोलचा. टाकी पुढे आणि उंचावर असते, त्यामुळे पाइप सोडला की पंप बंद असूनही पेट्रोल वाहत राहतं. मधल्या बोगद्यातून येणाऱ्या जुन्या प्लॅस्टिकच्या नळ्या वयाने कडक झालेल्या असतात. चिमटा लावून त्या दाबल्या तर तिथेच तडकतात. चिमटा रबरी तुकड्यावर लावा आणि उघड्या तोंडात घट्ट बूच बसवा.

वायरिंगच्या बाबतीत मी ठाम आहे. पेट्रोल इंजेक्शनच्या प्रत्येक सेन्सरचा प्लग ओढून काढू नका. पन्नास वर्षांचं ते प्लॅस्टिक हातात तुटून येतं. त्यापेक्षा इंजेक्शनच्या कंट्रोल युनिटपाशी आणि डावीकडच्या रिले बोर्डापाशी कनेक्टर सोडवा, आणि सगळा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इंजिनसोबतच खाली जाऊ द्या. स्टार्टरच्या वायरी आणि रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या वायरी मात्र वेगळ्या काढाव्या लागतात.

गाडीखाली हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे स्पीडोमीटरची केबल, क्लचची केबल, एक्सलरेटरची केबल, दोन्ही बाजूंच्या हीटरच्या केबल, गिअरचा दांडा, आणि गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी. प्रत्येकीला चिठ्ठी बांधा, सोडवण्याआधी फोटो काढा.

सीव्ही जॉइंटच्या, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या लवचीक सांध्याच्या, बोल्टांशी घाई केली तर अख्खा दिवस जातो. त्यांच्या डोक्यातल्या खाचेत ग्रीस आणि माती घट्ट बसलेली असते. ती टोकदार वस्तूने कोरून काढा, बिट हातोडीने ठोकून पुरता आत बसवा आणि मगच जोर लावा. अर्धवट बसलेला बिट खाच गोल करून टाकतो. सुटलेले एक्सल लोंबकळत न ठेवता तारेने वर बांधा आणि जॉइंटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा.

आता खरा उतरवण्याचा भाग. तेल आधीच काढलेलं असावं. जॅक नुसत्या इंजिनच्या मधोमध लावला, तर गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकतं. तोल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ असतो, म्हणून रुंद फळी घ्या आणि एका माणसाला मागे हात धरून उभं करा. फळीचा भार तळाच्या तेलगाळणीच्या झाकणावर किंवा पुशरॉडच्या पातळ नळ्यांवर येता कामा नये. वजन जॅकवर आलं की पुढच्या आडव्या दांड्याचे आणि गिअरबॉक्सच्या दोन्ही माउंटचे बोल्ट काढा. पाच सेंटिमीटर उतरवा आणि थांबा. चारी बाजूंनी टॉर्च मारून पाहा. काही ताणलेलं दिसलं तर जॅक पुन्हा वर घ्या. ताणलेल्या केबलशी खालून झटापट करू नका.

जमिनीवर आल्यावर गिअरबॉक्स वेगळा करताना तो सरळ रेषेत मागे ओढा. त्याचा भार क्षणभरही इनपुट शाफ्टवर लटकला, तर क्लच प्लेट वाकते आणि मग क्लच नीट सुटत नाही.

परत बसवल्यावर काही बिघडलेलं वाटलं, तर इंजिन उघडण्याआधी या जागा बघा. स्टार्टर दमल्यासारखा फिरतो आणि एखादी केबल गरम होते आहे? अर्थिंगची पट्टी राहिली आहे. करंट परतीची वाट म्हणून क्लच किंवा एक्सलरेटरची केबल वापरतो आणि ती जळू शकते, तेव्हा लगेच थांबा. गिअर सापडत नाहीत? दांड्याचा निमुळत्या टोकाचा छोटा स्क्रू आपल्या खळगीत बसलेला नाही. १९७३पासून गिअरची जोडणी गिअरबॉक्सच्या बाजूला आली, त्याआधी ती शेपटाकडे होती, त्यामुळे जुन्या गाडीचे फोटो पाहून नवी जोडू नका. आयडल वर-खाली होतं? प्रेशर सेन्सरची व्हॅक्यूम नळी निसटली असेल.

रबरी पेट्रोल नळ्या मात्र चांगल्या दिसल्या तरी बदलाच. इंजिन बाहेर असताना त्या सहज हाताशी येतात, आणि या गाड्यांना आग लागण्याचं जुनं कारण तिथेच असतं. सगळं जोडलं की लगेच स्टार्टर मारू नका. डी-जेट्रॉनिक (बॉशची जुनी इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन पद्धत) असलेल्या गाडीत चावी ऑन केल्यावर पंप सेकंद-दीड सेकंद चालून थांबतो. असं चार-पाच वेळा करून दाब भरू द्या, आग विझवणारं सिलिंडर शेजारी ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून पाहा. बोट कोरडं राहिलं की मगच इंजिन सुरू करा.